तीन हंगामांचा हिशेब

साखर कारखान्यात सॉफ्टवेअर बदलायचा विषय निघतो तो बहुधा मे-जूनमध्ये. गाळप संपलेलं असतं, मिलचे रोलर उतरवून ओव्हरहॉलिंग चाललेलं असतं, आणि त्याच सुमारास ईडीपी, म्हणजे संगणक विभागाचं दुखणंही संचालक मंडळापुढे येतं. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. पुष्कळ ठिकाणी उसाच्या हिशेबाचा गाभा फॉक्सप्रोमध्ये आहे. नव्वदीच्या दशकात जवळपासच्या कुणा प्रोग्रामरने तो लिहिला आणि पुढे दर हंगामाला त्यात थोडी थोडी भर पडत गेली. कृष्णाकाठच्या अशाच एका सहकारी कारखान्यात २०२४च्या उन्हाळ्यात हा विषय ऐरणीवर आला आणि मला बोलावणं आलं.

फॉक्सप्रोला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, त्याच्या आगेमागेच आपल्याकडच्या सहकारी संस्थांत संगणक शिरत होते. एक ४८६ मशीन, काळा पडदा आणि १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्या सामग्रीवर हजारो शेतकऱ्यांची पंधरवड्याची बिलं रात्रीतून निघायची. ज्यांनी हे प्रोग्राम लिहिले त्यांच्यापैकी अनेकांनी संगणकशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती, पण ऊस त्यांना नीट ठाऊक होता. ते काम इतकी वर्षं टिकलं याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण टिकण्यालाही मुदत असते. २००४च्या अखेरीस आलेलं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ शेवटचं ठरलं. पुढची आवृत्ती निघणार नाही, असं कंपनीने २००७च्या मार्चमध्ये जाहीर केलं आणि २०१५च्या जानेवारीत उरलासुरला सपोर्टही संपला. या कारखान्यातला प्रोग्राम तर त्याच्याही आधीचा, डॉसवरचा. असे १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर सुरूच होत नाहीत. म्हणून विंडोज एक्सपीची काही जुनी मशिनं जपून ठेवलेली होती. एक बंद पडलं की त्याचे सुटे भाग दुसऱ्याला लावायचे. भर हंगामात वीज गेली की इंडेक्स फाइल बिघडायची आणि रीइंडेक्स होईपर्यंत काट्यावर हातपावत्या फाडाव्या लागायच्या. हे असंच चालू ठेवणं धोक्याचं आहे, याबद्दल कारखान्यात कुणाचंच दुमत नव्हतं.

दुमत होतं ते पुढच्या पावलाबद्दल. काही संचालकांचा कल तयार ईआरपी विकत घेण्याकडे होता. शेजारच्या कारखान्याने घेतलं होतं आणि तिथे मोबाइलवर गाळपाचे आकडे दिसत होते. ईडीपी प्रमुखांचं म्हणणं, डॉसचा आभास निर्माण करणारं एखादं सॉफ्टवेअर टाकून जुनाच प्रोग्राम नव्या मशिनवर चालवू, निदान चार-पाच वर्षं निघतील. विभागातल्या तरुण मुलांना सगळं नव्याने लिहायचं होतं. कार्यकारी संचालकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘मोळी टाकायच्या आत होईल का?’’ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आत.

त्यांचा प्रश्न रास्त होता. मात्र आपण नेमकं काय बदलणार आहोत, याची यादी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे त्याचं उत्तर कुणालाच देता येत नव्हतं. मेनूवर दिसतं ते सगळ्यांना माहीत होतं. मेनूच्या खाली काय आहे, ते कुणी वाचलेलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखाना पाच-सहा महिने चालतो, म्हणजे उरलेले सहा महिने सॉफ्टवेअर मोकळंच असणार. तसं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू, आणि तुटलेल्या उसाचा खोडवा धरला जातो तो वेगळाच. प्रत्येक प्लॉटची नोंद शेतकी विभागाला वेळच्या वेळी लागते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख. त्या तारखेवरच पुढचा तोडणीचा क्रम ठरतो, आणि त्या क्रमावर गावोगाव माणसांची बारीक नजर असते. पावसाळ्यात तोडणी-वाहतुकीचे करार होतात, मुकादमांना उचल दिली जाते. हंगाम सुरू झाला की काटा, चिठ्ठ्या, पंधरवड्याची बिलं, सोसायटीची आणि बँकेची वसुली. हंगाम संपला की फरकाची बिलं, ठेवी, सभासदांची साखर. म्हणजे कोणत्याही दिवशी पाहिलं तर तीन हंगाम एकदम जिवंत असतात. मागच्याचं देणं चालू असतं, चालूचा हिशेब असतो आणि पुढच्याची नोंद होत असते. असा एकही दिवस नसतो की जुनं बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी नवं सुरू करावं.

सगळं एकदम उचलून नव्यावर ठेवण्याचं काय होऊ शकतं, याचं ब्रिटनमधलं उदाहरण मी मंडळापुढे ठेवलं. टीएसबी बँकेने २०१८च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. सोमवारी सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्यापर्यंत पोचता येईना. सगळी घडी बसायला महिने गेले आणि २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. त्या बँकेकडे पैसा, माणसं, सल्लागार यांची कमतरता नव्हती. आमच्याकडे ईडीपीत मोजकी माणसं, आणि पंधरवडा चुकला की गावातून ट्रॅक्टर भरून माणसं गेटवर येणार.

म्हणून मी अट घातली: आधी प्रोग्राम वाचायचा, मग ठरवायचं. आणि वाचताना नुसते संगणकवाले नकोत. केन अकौंट्सच्या मॅडम, शेतकी अधिकारी आणि ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला ते निवृत्त गृहस्थ, असे तिघंही बसले पाहिजेत. त्या गृहस्थांना सगळा कारखाना ‘भाऊ’ म्हणतो. भाऊ गावातच राहतात, द्राक्षबाग करतात. निरोप गेला तसे ते दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले आणि म्हणाले, ‘‘माझं कोड अजून कुणी वाचायचं म्हणतंय म्हटल्यावर मी येणार न्हाई व्हय?’’

वाचन सुरू झालं. पडद्यावर एकेक प्रोग्राम उघडायचा, मी ओळ वाचून तिचा अर्थ सांगायचा, आणि हा नियम कुठून आला ते बाकीच्यांनी सांगायचं. काम कंटाळवाणं होतं. तरी मला विचाराल तर सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचे दिवस तेच होते.

नोंदीच्या फाइलमध्ये ‘स्थिती’ नावाचा एका अक्षराचा रकाना होता. पडद्यावर त्याच्यापुढे लिहिलेलं, जळीत १ किंवा २. एक म्हणजे साधा ऊस, दोन म्हणजे जळालेला. जळीत उसाला कपात असते, म्हणून बिलाच्या प्रोग्रामात ‘स्थिती २ असेल तर कपात लाव’ अशी ओळ. इथवर सरळ होतं. पण तोडणी क्रमाच्या प्रोग्रामात वेगळीच ओळ सापडली: स्थिती ३ असेल तर लागण तारीख बाजूला ठेवून हा प्लॉट यादीत वर घे. तीनचा उल्लेख ना पडद्यावर, ना कुठल्या कागदावर. छापील यादीत त्याच्यासमोर काहीच उमटत नव्हतं. डेटामध्ये मात्र तीनच्या नोंदी होत्या, काही हंगामांत शेकड्यांनी आणि मधल्या हंगामांत एकही नाही.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांना आठवायला क्षणही लागला नाही. ‘‘दोन हजार पाचचा पूर,’’ ते म्हणाले. ‘‘शेंडे कुजले होते. ऊस उभा, पण आतनं जायला लागलेला. तो आधी तोडला नसता तर शेतकऱ्याच्या हातात पाचट राहिलं असतं.’’ चेअरमननी मंडळात ठराव केला होता, पूरबाधित ऊस क्रमाच्या बाहेर आधी आणायचा आणि त्याला कपात लावायची नाही. नवा रकाना वाढवायचा तर सगळ्या फाइली बदलाव्या लागल्या असत्या आणि हंगाम तोंडावर होता, म्हणून भाऊंनी असलेल्याच रकान्यात तीन आकडा घातला. शेतकी अधिकारी तेव्हा नुकतेच लागलेले क्लार्क होते. ते म्हणाले, ‘‘एकोणीसच्या पुरातही आम्ही तीनच टाकलं की.’’ २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुराच्या वेळी भाऊ निवृत्त झालेले होते. तीनचा अर्थ एका क्लार्ककडून दुसऱ्याकडे तोंडी चालत आला होता.

आता तयार ईआरपीवाल्यांनी नमुन्यादाखल जो डेटा चढवून दाखवला होता त्यात काय झालं होतं ते पाहिलं. त्यांच्या पडद्यावर जळीतसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच होतं. एक म्हणजे नाही, आणि एक सोडून जे काही असेल ते हो. म्हणजे पुरात ज्यांचा ऊस बुडाला ते सगळे शेतकरी नव्या यंत्रणेत जळीत उसाचे मालक झाले होते. मागच्या हंगामाचं एखादं फरक बिल त्यातून निघालं असतं, तर ज्याचं आधीच नुकसान झालं त्याच्याच पैशातून कपात झाली असती, आणि ती का झाली हे काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नसतं. पुरवठादाराची माणसं कामात वाईट नव्हती. तीनचा अर्थ विचारावा असं त्यांना काही दिसलंच नव्हतं, कारण पडद्यावर तीन नव्हतंच.

त्या दुपारनंतर मंडळातली चर्चा बदलली. एका ज्येष्ठ संचालकांचा स्वतःचा ऊस २००५मध्ये पाण्याखाली होता. ‘‘वाचायला लागेल तेवढा वेळ घ्या,’’ असं त्यांनीच सांगितलं.

वाचताना नियमांचे प्रकार आपोआप वेगळे पडत गेले. काही नियम कायद्याचे होते. उसाचा दर, चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज, हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातून आलेलं. काही मंडळाच्या ठरावांचे, पुराच्या नियमासारखे. आणि काही नियमांचा जीव कधीच गेला होता: नदीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या गावांना वळसा घालून येण्याचं जादा अंतर धरलेलं होतं, पूल होऊन वर्षं लोटली तरी ती गावं प्रोग्रामात लांबच होती. वाहतूकदारांना त्याचे पैसे मिळत आले होते. हा नियम काढायचा का, हे मी ठरवणं बरोबर नव्हतं. तो करारांचा विषय होता, म्हणून मंडळाकडे गेला. अशा ठिकाणी प्रोग्रामरने परस्पर साफसफाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रोग्रामातल्या प्रत्येक विचित्र ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी पैसे असतात.

सर्वांत जास्त गुंता दराचा होता. २००९-१०च्या हंगामापासून किमान वैधानिक किमतीच्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर किंमत आली. तिचा आकडा साखरेच्या उताऱ्याला बांधलेला. उदाहरणार्थ २०२४-२५ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. भाऊंनी लिहिलं तेव्हा हंगामाला एक दर असायचा. पुढे पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता असे प्रकार आले. मग २०२२च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफआरपी टप्प्यांत देण्याची मुभा देणारा शासन निर्णय काढला आणि उताऱ्याचा आधारही बदलला. दर वेळी ईडीपीने बिलाच्या प्रोग्रामची नक्कल करून तिच्यात बदल केला होता. कुठल्या हंगामाचं बिल कुठल्या नकलेतून काढायचं, हे मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. ते पाहून माझं मत पक्कं झालं की डॉसचा आभास देणाऱ्या मार्गाने जायचं नाही. मशीन नवं झालं असतं, पण दर बदलला की आणखी एक नक्कल निघाली असती, आणि ती काढणारा माणूस मिळणं दरवर्षी अवघड होत गेलं असतं. फॉक्सप्रो शिकायला आज कोण येणार?

निर्णय झाला तो असा. जिथे नियम साऱ्या देशाला सारखा आहे तिथे विकत घ्यायचं: जीएसटी, स्टोअरचा साठा, सर्वसाधारण लेखे. तिथे स्वतः लिहिण्यात शहाणपण नाही. कायदा बदलला की पुरवठादारच सगळ्यांसाठी बदल करतो. जिथे नियम या कारखान्याचा, या नदीचा, या सभासदांचा आहे, म्हणजे नोंद, तोडणी क्रम, काटा आणि ऊस बिल, ते आपलं आपण लिहायचं, आणि कोड कारखान्याच्या मालकीचं राहील असं करारात घालायचं. पगाराचा विषय अधला-मधला निघाला. वरवर पाहता पगार कुठल्याही पॅकेजमध्ये बसावा. पण साखर कामगारांचे वेतन करार त्रिपक्षीय समितीतून ठरतात, आणि हंगामी कायम कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता असतो. कारखाना बंद असताना कामावर नसलेल्या माणसाला पगाराचा काही भाग द्यायचा, ही कल्पनाच आम्ही पाहिलेल्या तयार पॅकेजांना ठाऊक नव्हती. तो विषय आम्ही मुद्दाम मागे ठेवला.

आणि सगळं एकदम करायचं नाही. मार्टिन फाउलर या इंग्रज सॉफ्टवेअर लेखकाने २००४मध्ये या पद्धतीला ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या एका अंजिरवर्गीय झाडाचं नाव दिलं. आपल्याकडे जुन्या झाडाच्या बेचक्यात पिंपळ रुजतो, मुळं खाली सोडतो आणि हळूहळू स्वतःच उभा राहतो, तसंच. जुना प्रोग्राम चालू ठेवायचा, एकेक काम बाहेर काढून नव्यात न्यायचं, आणि ते तिथे पक्कं झाल्यावरच जुन्यातलं बंद करायचं. आम्ही नोंदीपासून सुरुवात केली, कारण नोंदीत चूक निघाली तर दुरुस्तीला हंगामापर्यंत वेळ असतो. काट्यावर चूक निघाली तर गाडी दारात उभी असते.

नोंदी हलवताना वेगळंच संकट समोर आलं: नावं. शेतकऱ्यांची नावं दोन काळांत दोन पद्धतींनी भरलेली होती. सुरुवातीची पुण्याच्या सीडॅकच्या जिस्ट कार्डावर, म्हणजे इस्की संकेतात. १९९१मध्ये ते भारतीय मानक झालं. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवलेलं असतं, त्यामुळे युनिकोडमध्ये नेणं सोपं. नंतरची नावं मात्र विंडोजवरच्या फॉन्टमध्ये. त्यात साठवलेलं असतं ते अक्षर नव्हे, अक्षराचा आकार, आणि तोही डोळ्याला दिसतो त्या क्रमाने. ‘शिर्के’ घ्या. फाइलमध्ये आधी पहिली वेलांटी, मग श, मग क, त्यावरची मात्रा, आणि शेवटी रफार. काही ठिकाणी मात्रा आणि रफार मिळून एकच खूण. सरळ बदल केला तर वेलांटी हवेत लोंबकळते आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. नियम लिहून बहुतेक नावं सुधारली. उरलेली ईडीपीच्या मुलींनी पासबुकाच्या प्रतींशी ताडून एकेक दुरुस्त केली. हे काम दिसायला हलकं, पण बिलाचे पैसे आता थेट बँक खात्यात जातात. नाव खात्याशी जुळलं नाही तर बँकेने प्रश्न काढलाच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण डीबीएफ फाइली हलवणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते. या फाइलीत नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्या पहिल्या जागी फक्त एक तारका लागते, आणि ‘पॅक’ केल्याशिवाय ती तिथेच राहते. फॉक्सप्रोला सांगितलेलं असतं म्हणून तो तारकेच्या नोंदी दाखवत नाही. दुसऱ्या एखाद्या साधनाने फाइल वाचली आणि तारका पाहिली नाही, की रद्द झालेले प्लॉट, मयत सभासदांची जुनी खाती, दुबार नोंदी, सगळे परत उभे राहतात. आम्ही तारकेच्या नोंदी टाकून दिल्या नाहीत. वेगळ्या तक्त्यात ठेवल्या, कारण कुणी केव्हा तरी ‘माझी नोंद होती’ म्हणून येतोच, आणि तेव्हा ती दाखवता आली पाहिजे.

२०२४-२५च्या हंगामाच्या उत्तरार्धात बिलं दोन्हीकडे काढायला सुरुवात केली. पैसे जुन्यातून द्यायचे, नवं फक्त ताडून पाहायचं. पहिल्या पंधरवड्यात बरीच बिलं थोड्या थोड्या रुपयांनी वेगळी आली. तरुण मुलांना वाटलं, एवढ्या लाखांच्या बिलात हे किरकोळ आहे. मॅडम हटून बसल्या. ‘‘फरक किती आहे ते नंतर. का आहे ते आधी सांगा.’’ मुळाशी गेल्यावर कळलं की बाइंडिंगची, म्हणजे मोळ्या बांधायला वापरलेल्या सामानाच्या वजनाची वजावट जुना प्रोग्राम प्रत्येक खेपेला काढून किलोपर्यंत पूर्ण करत होता. नव्यात पंधरवड्याचं वजन एकत्र करून मग वजावट होत होती. गणित म्हणून नवं जास्त अचूक. पण काट्यावरून बाहेर पडताना शेतकऱ्याच्या हातात जी पावती पडते तिच्यावर खेपेचं निव्वळ वजन छापलेलं असतं. त्या पावत्यांची बेरीज बिलातल्या वजनाशी किलोला किलो जुळलीच पाहिजे. काटामारीचा संशय ज्या धंद्याच्या कायम मागे लागलेला आहे, तिथे घरी बसून बेरीज करणाऱ्या माणसाला ती जुळलेली दिसणं हीच अचूकता. नव्यात जुनीच रीत घातली. मॅडम त्या दिवशी हटून बसल्या नसत्या तर हे आमच्या ध्यानात आलं नसतं.

त्याच हंगामात, २०२५च्या मार्चमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने टप्प्यांच्या एफआरपीचा शासन निर्णय रद्द ठरवला. जुन्या पद्धतीत म्हणजे आणखी एक नक्कल, आणि काचेखालच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ. नव्यात दराचे नियम तारखेप्रमाणे तक्त्यात ठेवलेले होते: कुठपासून कुठपर्यंत, उतारा कोणत्या हंगामाचा, हप्ते किती. एक नोंद वाढवली, मागच्या बिलांवर चालवून पाहिली आणि मॅडमनी सही केली. वाचनाच्या त्या कंटाळवाण्या दिवसांबद्दल मंडळात कुणाच्या मनात शंका उरली असेल, तर ती तेव्हा गेली.

काटा मात्र सोपा गेला नाही. हंगामाच्या शेवटी शेवटी एका काट्यावर नवा पडदा लावून पाहिला. वजन इंडिकेटरमधून थेट येत होतं, कीबोर्डवरून वजन टाकायची सोयच ठेवलेली नव्हती, आणि ते तसंच हवं होतं. पण बाकीची माहिती भरायला माउस लागायचा. रात्रपाळीचा ऑपरेटर जुन्या पडद्यावर न बघता बोटं चालवणारा. तो म्हणाला, ‘‘साहेब, माउसला हात घालायला लागला की मागं चार ट्रॉल्या थांबत्यात बघा.’’ आम्ही रात्री काट्यावर बसून पाहिलं. त्याचं म्हणणं खरं होतं. थंडीत बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले रांगेत ताटकळलेले, त्यांच्यापैकी कित्येक बीडकडून आलेले, पहाटे परत फडात जायचं. त्यांची खेप चुकली तर मजुरी चुकते. पडदा पुन्हा लिहिला: सगळं कीबोर्डवर, एंटरचा क्रम जुन्यासारखाच, गाडी नंबर टाकला की मुकादम आणि टोळी आपोआप पुढे. आणि प्रिंटर डॉट मॅट्रिक्सच ठेवला. पावतीच्या कार्बन प्रती लागतात, एक शेतकऱ्याला, एक वाहनवाल्याला, एक ऑफिसला. लेझर प्रिंटरवर एकावेळी तीन प्रती उमटत नाहीत, आणि काट्याच्या खोलीतली धूळ त्याला फार दिवस जगू देत नाही. मोबाइलवर संदेश जातो तो जातोच, पण पावती कागदावर.

आता नोंद, तोडणी क्रम आणि ऊस बिल नव्यावर आहेत. स्थितीच्या रकान्यात पूरबाधित हा शब्द पूर्ण लिहिलेला आहे, त्याच्यासोबत ठरावाचा क्रमांक आणि तारीखही. प्रत्येक नियमाला अशी जोड दिली आहे. ज्याला ठराव सापडला नाही त्याच्यापुढे ‘आधार सापडला नाही’ असं लिहून ठेवलंय आणि तो मंडळाच्या विषयपत्रिकेवर आहे. तोडणी-वाहतुकीची बिलं आणि मुकादमांच्या उचलीचा हिशेब अजून एक्सपीच्या मशिनवरच चालतो. पुलापलीकडच्या गावांच्या अंतरावर वाहतूकदारांशी बोलणी चालू आहेत. ती मिटल्याशिवाय त्या भागाला हात लावायचा नाही, असं ठरलेलं आहे. भाऊ आठवड्यातून एकदा येतात. सध्या उचलीचा प्रोग्राम वाचतो आहोत, आणि त्यात व्याजाची एक ओळ अशी आहे की तिचा उगम त्यांनाही आठवेना. शेतकी ऑफिसच्या माळ्यावरून १९९८ ते २००३च्या ठरावांची पुस्तकं खाली काढायला सांगितली आहेत.